हिरडीवरची हळद

कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडारा उधळला जातो, तेव्हा माणसांसकट सारा परिसर पिवळाजर्द होतो, आणि तो रंग अंगावरून सहजासहजी उतरत नाही. हा चिवटपणा हळदीतल्या कुरकुमिन या रंगद्रव्याचा आणि त्याच्या दोन भाऊबंद संयुगांचा आहे. वाळलेल्या हळकुंडात त्यांचे एकत्रित प्रमाण साधारण २ ते ५ टक्के असते. कोल्हापूरच्या शेजारी, सांगलीच्या बाजारात जिचे सौदे निघतात, त्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

आता हिरडीकडे वळू. दात आणि हिरडी यांच्या सांध्यात जंतूंचा चिकट थर साचतो आणि त्याच्याशी लढताना शरीर स्वतःच दाह निर्माण करते. म्हणून हिरडी लाल होते, सुजते आणि दात घासताना रक्त येते. पेशींमध्ये दाह चेतवणाऱ्या प्रथिनांपैकी एक म्हणजे एनएफ-कप्पा-बी. कुरकुमिन त्याला आवर घालते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. काही आठवडे चाललेल्या छोट्या चाचण्यांमध्ये हळदीच्या द्रावणाने चूळ भरणाऱ्यांच्या हिरड्यांची सूज कमी झाली, आणि काही चाचण्यांत तर तो परिणाम क्लोरहेक्झिडिन या चूळ भरण्याच्या जंतुनाशक औषधाच्या जवळपास होता. क्लोरहेक्झिडिन दीर्घकाळ वापरल्यास दातांवर तपकिरी डाग पडतात आणि तोंडाची चव बदलते, त्यामुळे या तुलनेला महत्त्व आहे.

कुरकुमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि पोटात गेल्यावर रक्तात फारच थोडे उतरते. साहजिकच, हिरडीसाठी हळदीचे दूध पिण्यापेक्षा हळद हिरडीवरच लावणे अधिक सयुक्तिक ठरते. कुरकुमिन तेलात मात्र मिसळते. हळद आणि मीठ तेलात कालवून हिरडीला लावणाऱ्या आजीने हे रसायनशास्त्र न शिकताच ओळखले होते. तिच्या मिठाच्या भरड कणांनी हिरडी खरचटते, एवढी तक्रार करायला हरकत नाही.

दातांवर घट्ट बसलेले कीटण मात्र हळदीने निघत नाही. ते दंतवैद्यालाच खरवडून काढावे लागते, आणि हळदीचा लेप किंवा जेल ही त्यानंतरची जोड आहे. बाजारातली अति झळाळणारी पूड तोंडात घालण्यापूर्वी विचार करावा, कारण रंग खुलवण्यासाठी हळदीत शिशाचे क्रोमेट मिसळल्याची प्रकरणे उघडकीस आली आहेत.

शिवाय आपल्या भागातल्या अनेक घरांत हळदीच्या डब्याशेजारी मिसरीची डबी असते. भाजलेल्या तंबाखूची ती पूड सकाळी हिरडीवर घासायची आणि रात्री त्याच हिरडीला हळद लावायची, हा व्यवहार हळदीला झेपणारा नाही.