सुपरचार्जर लावल्यावर स्टॉक इंजिन किती टिकतं?

(नाशिकमध्ये गॅरेजचालक आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. समोर निम्मे गॅरेजवाले दिसतायत आणि निम्मी कॉलेजची पोरं. दोघांचा प्रश्न एकच असतो. इंजिन न उघडता सुपरचार्जर, म्हणजे इंजिनाच्याच ताकदीवर फिरून सिलेंडरमध्ये जास्तीची हवा कोंबणारा पंप, बसवला, तर किती बूस्ट, म्हणजे हवेचा किती जास्तीचा दाब, चालेल? कोणी सांगतं पाच पौंड (दर चौरस इंचाला), कोणी सात, कोणी म्हणतं माझा मित्र दहावर पळवतो. मला विचाराल तर आधी हे बघायला हवं, की कंपनीनं त्या स्टॉक, म्हणजे मूळच्या, इंजिनात ताकदीची शिल्लक किती ठेवलीय आणि ती कुणासाठी ठेवलीय.

सातपूरला महिंद्राच्या गाड्या बनतात, इगतपुरीला त्यांचा इंजिनांचा कारखाना आहे. तुमच्यापैकी काहींच्या घरातली माणसं तिथल्या लायनीवर असतील, त्यांना विचारा. कुठल्याही कंपनीचं नवं इंजिन बाजारात येण्याआधी टेस्ट बेडवर फुल लोडला शेकडो तास चालवतात. त्यातून जे पास होतं त्याच्यात ताकदीची शिल्लक असतेच. पण ती आपल्या हौसेसाठी नसते. मे महिन्यातला मालेगावचा रस्ता, आत पाच माणसं, एसी चालू, टाकीत कुठलं तरी पेट्रोल, ऑइल बदलायला सहा महिने उशीर, आणि कसाऱ्याच्या चढाला पुढे ट्रेलर. या सगळ्यांसाठी ती बाजूला काढून ठेवलेली असते. सुपरचार्जर त्याच खात्यातून काढतो. खातं रिकामं होत नाही, पण पुढच्या वेळी गाडी गरम झाली तर द्यायला त्यात फारसं उरलेलं नसतं.

ही गोष्ट नवी नाही. मर्सिडीजनं सुपरचार्जरवाल्या मोटारी १९२१ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात मांडल्या. पण मला जास्त आवडते ती बेंटलीची कथा. साडेचार लिटरचं बेंटलीचं इंजिन साधारण ११० हॉर्सपॉवरचं. टिम बर्किन नावाच्या रेसरनं त्याच्यावर ब्लोअर, म्हणजे सुपरचार्जरच, चढवायचा हट्ट धरला आणि शर्यतीच्या गाडीत ताकद २४० पर्यंत नेली. खुद्द डब्ल्यू. ओ. बेंटली याच्या विरोधात होते. त्यांचं म्हणणं, ताकद हवी तर इंजिन मोठं करा. १९३० च्या ल मॉंच्या चोवीस तासांच्या शर्यतीत दोन्ही ब्लोअर गाड्या बाद झाल्या आणि बिनब्लोअरची, साडेसहा लिटरची बेंटली स्पीड सिक्स जिंकली. पण त्याच वर्षी फ्रेंच ग्रां प्रीला बर्किन ब्लोअर घेऊन दुसरा आला. म्हणजे गाडी वेगवान होती, याबद्दल वाद नव्हता. चोवीस तास टिकणं हा वेगळा हिशोब होता.

आता आपल्या गाडीचा हिशोब करू. १.२ लिटर, चार सिलेंडर, बोअर, म्हणजे सिलेंडरचा व्यास, साधारण ७५ मिमी धरा. पिस्टनच्या डोक्याचं क्षेत्रफळ झालं ४४ चौरस सेंटिमीटर. स्टॉक इंजिनात जळतानाचा सर्वोच्च दाब ६५ बारच्या आसपास धरला, तर पिस्टनवर जवळपास तीन टन भार येतो. बूस्टनं तो दाब ९० बारवर गेला, की चार टन. ऐकायला भयंकर वाटतं. पण पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडला दाबलं जाणं बऱ्यापैकी सोसतं. त्याला जास्त छळतं ते ओढलं जाणं. एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी पिस्टन वर जाऊन थांबतो आणि रॉडला त्याला मागे खेचावं लागतं. ही ओढ आरपीएमच्या वर्गानं वाढते, म्हणजे आरपीएम दहा टक्के वाढवले तर ओढ एकवीस टक्के वाढली. सुपरचार्जर लावून तुम्ही रेव्ह लिमिट, म्हणजे आरपीएमची कमाल मर्यादा, तशीच ठेवली, तर ओढीत काहीच फरक नाही. म्हणून कमी बूस्टला, ट्यूनिंग नीट असेल तर, स्टॉक रॉड सहसा तक्रार करत नाहीत. ‘सुपरचार्जर लावला की रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो’ असं जे पसरवलं जातं, त्यातले बरेच रॉड बूस्टबरोबर रेव्ह लिमिटही वर नेल्यामुळे किंवा ऑइल कमी पडल्यामुळे बाहेर आलेले असतात.

मग इंजिन मरतं कशानं? उष्णतेनं.

हवा दाबली की तापते, सायकलचा पंप मारलेल्या कुणालाही हे ठाऊक आहे. उन्हाळ्यातली ४० अंशांची हवा घ्या आणि दीडपट दाबा, म्हणजे साधारण सात पौंड बूस्ट. ब्लोअरची कार्यक्षमता ६० टक्के असेल, तर बाहेर पडणारी हवा शंभर अंशांच्या वर असते. गंमत पुढे आहे. दाब दीडपट झाला खरा, पण तापून हवा विरळ झाली, त्यामुळे सिलेंडरमध्ये प्रत्यक्षात गेलेली जास्तीची हवा फक्त पंचवीस टक्के. इंटरकूलर, म्हणजे दाबलेली हवा थंड करणारा रेडिएटर, लावून ती ६० अंशांवर आणली, तर तोच आकडा चाळीस टक्क्यांवर जातो. म्हणून इंटरकूलरशिवायचा किट घेऊन कोणी आलं तर मी सरळ सांगतो, भाऊ, तू जास्तीच्या ताकदीतला मोठा वाटा सोडतोयस आणि इंजिनाला उकळत्या पाण्याहून गरम हवा पाजतोयस.

गरम हवा म्हणजे नॉकिंगला आमंत्रण. स्पार्कनं पेटलेली ज्वाला कोपऱ्यापर्यंत पोचण्याआधी तिथलं उरलेलं मिश्रण आपोआप पेट घेतं आणि दाबाचा हातोडा बसतो. तो मगाचा चार टनांचा भार सावकाश चढतो. हा हातोडा क्षणात पडतो.

हा पिस्टन बघा. हातोहात फिरवा, कडा धारदार आहेत, जपून. एका १.२ लिटर हॅचबॅकमधला आहे, मालकानं बाहेरून ब्लोअर बसवून घेतला होता. डोक्याला भोक पडलेलं नाही. कडेला बोट फिरवा, वाळूचा मारा झाल्यासारखं खरबरीत लागेल, ती नॉकिंगची खूण. आता पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या खाचांमधली भिंत बघा, तिला रिंग लँड म्हणतात. नखाएवढा तुकडा उडालाय. आणि ही त्याची वरची रिंग. दोन्ही टोकं उजेडात धरा. आरशासारखी चकचकीत आहेत, कारण ती एकमेकांवर घासलीत.

रिंगच्या टोकांमध्ये फट मुद्दाम ठेवलेली असते. या मापाच्या स्टॉक इंजिनात ती ०.२ ते ०.३ मिमी. ७५ मिमी रिंगचा परीघ २३५ मिमी. सिलेंडरच्या मानानं रिंग शंभर अंश जास्त तापली, तर ती साधारण पाव मिलिमीटर वाढते. म्हणजे फट संपली. टोकं एकमेकांना टेकली की रिंगला वाढायला जागा नाही. ती बोअरमध्ये आवळते, अडकते, आणि पिस्टन पुढे जातच असतो, मग लँड तुटते. स्टॉक पिस्टन ओतीव, जास्त सिलिकॉनचा, म्हणून झिजत नाही पण ठिसूळ. फोर्ज्ड, म्हणजे ठोकून घडवलेला, पिस्टन असता तर वाकला असता, इतक्या लवकर तुकडा उडाला नसता. बूस्टसाठी बांधलेल्या इंजिनात हीच फट मोठी ठेवतात. न उघडलेल्या इंजिनात ती कंपनीनं ठेवली तेवढीच राहणार, हे किट विकणारा सहसा सांगत नाही.

या पिस्टनचा खरा गुन्हेगार मात्र पिस्टनच्या बाहेर होता. त्या गाडीला इंधन कमी पडत होतं. साध्या, नॅचरली ॲस्पिरेटेड, म्हणजे स्वतःच हवा ओढणाऱ्या इंजिनाचा मॅप सेन्सर (आत येणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) वातावरणाच्या दाबापर्यंतच वाचायला बसवलेला असतो. बूस्ट आला की तो वरच्या टोकाला जाऊन थांबतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, आंधळा होतो. आत हवा चाळीस टक्के जास्त येतेय, ईसीयूच्या लेखी गाडी नेहमीसारखी फुल थ्रॉटलवर आहे. त्यात हल्लीच्या बहुतेक गाड्यांत पेट्रोलची रिटर्न लाइन नाही, इंजेक्टरांना पेट्रोल देणाऱ्या रेलमधला दाब वातावरणाच्या मानानं ठरलेला, समजा साडेतीन बार. मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलेंडरकडे हवा नेणाऱ्या नळीत, अर्धा बार बूस्ट आला की इंजेक्टरला त्याच्याविरुद्ध फवारावं लागतं, उरला तीन बारचा फरक. फवारा सात टक्क्यांनी कमी झाला. हवा वाढली, पेट्रोल घटलं. इथं सातपूरला बॉशमध्ये, म्हणजे आपल्या जुन्या मायकोत, काम केलेल्या माणसाला विचारा, इंजेक्टरच्या प्रवाहात सात टक्के म्हणजे काय.

नॅचरली ॲस्पिरेटेड इंजिन फुल थ्रॉटलला साडेबारा-तेरा भाग हवेला एक भाग पेट्रोल असं मिश्रण मागतं. बूस्टवर ते साडेअकरा ते बारा लागतं, कारण जास्तीचं पेट्रोल आत थंडावा देतं. हे मोजायला वाइडबँड लॅम्डा सेन्सर लागतो, तो एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजनवरून मिश्रण सांगतो. तो नसेल तर तुम्ही अंदाजानं गाडी चालवताय. मोठे इंजेक्टर, तीन बारपर्यंत वाचणारा मॅप सेन्सर, नव्यानं लिहिलेला इग्निशन मॅप (हा मॅप वेगळा, स्पार्क कधी पाडायचा त्याचा ईसीयूतला तक्ता). सुपरचार्जरच्या खर्चात हे आधी धरा. बजेटमधून हेच वगळून ‘किट स्वस्तात बसला’ म्हणणारे लोक पुढे पिस्टन घेऊन येतात. (ऑनलाइन मिळणारे ते पंख्यासारखे ‘इलेक्ट्रिक सुपरचार्जर’ मात्र बिनधास्त लावा. त्यानं इंजिनाला काही होत नाही. कशालाच काही होत नाही.)

ट्यूनिंग कुठं केलंय हेही बघा. आपण समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास. इथं हवेचा दाब ०.९४ बार. तोच ब्लोअर, तीच पुली घेऊन गाडी ठाण्यात उतरली, की मॅनिफोल्डमधला एकूण दाब सहा-सात टक्के वाढतो. इथं नॉकिंगच्या काठावर आणून ठेवलेली गाडी तिथं काठ ओलांडते.

कंपन्या स्वतः काय करतात ते बघितलं की वाद मिटतो. मिनी कूपर, २००१ नंतरची. साध्या १.६ इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन आतलं मिश्रण किती पट दाबतो ते प्रमाण, १०.६. ते जितकं जास्त, तितकं नॉकिंग जवळ. त्याच इंजिनावर ईटनचा ब्लोअर बसवून कूपर एस केली तेव्हा ते ८.३ वर आणलं. टोयोटानं ऐंशीच्या दशकात ४ए-जीई इंजिनाची सुपरचार्ज्ड आवृत्ती काढली, तेव्हा पिस्टन फोर्ज्ड घातले आणि कॉम्प्रेशन ८ वर ठेवलं. ज्यांच्याकडे इंजिनाची ताकद मोजणारे डायनो आहेत, पैसा आहे, वॉरंटीची भीती आहे, ती माणसं पिस्टन बदलल्याशिवाय ब्लोअर लावत नाहीत. आपल्याकडच्या आजच्या छोट्या पेट्रोल इंजिनांत कॉम्प्रेशन ११, १२. मायलेजसाठी ते बरोबरच आहे, पण ब्लोअरसाठी त्याहून वाईट उमेदवार सापडणं कठीण. जुन्या जिप्सीचं १.३ लिटर इंजिन, ९ च्या आसपास कॉम्प्रेशनचं, कितीतरी क्षमाशील. नवी छोटी गाडी घेऊन ब्लोअर लावायचा विचार असेल, तर त्या पैशात कंपनीची टर्बो पेट्रोल घ्या, असं मी तोंडावर सांगतो. पोरांना राग येतो, येऊ दे.

तरीही लावायचाच असेल, तर स्टॉक इंजिनाला मी सेंट्रिफ्युगल, म्हणजे वेगानं फिरणाऱ्या चक्रानं हवा फेकणारा ब्लोअर सुचवेन. रूट्स किंवा स्क्रू जातीचा, प्रत्येक फेऱ्याला ठरावीक हवा ढकलणारा ब्लोअर खालच्या आरपीएमपासूनच जवळपास पूर्ण बूस्ट देतो. चालवायला मजा येते, पण नॉकिंगला सगळ्यात जास्त वेळ मिळतो तो नेमका तिथं, दोन हजार आरपीएमला, चौथ्या गिअरमध्ये कुथत चढताना. सेंट्रिफ्युगलचा बूस्ट फिरण्याच्या वर्गानं वाढतो, म्हणून शहरात तो जवळपास झोपलेलाच असतो.

बाकीचं भराभर. ब्लोअर फिरायला क्रँककडूनच ताकद घेतो, तेव्हा चाकावर दिसते त्याहून जास्त ताकद सिलेंडरनं निर्माण केलेली असते, आणि तिचा भार बेअरिंग सोसतात. पट्टा घसरत असेल तर तो ताणत बसू नका, पुलीची रेषा तपासा. क्लच प्लेट आधी घसरू लागेल. ते परवडलं, गिअरबॉक्स महाग असतो. कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलंय. अपघात झाला तर विमा कंपनी पहिली तिकडे बोट दाखवेल. शर्यतीच्या, बंदिस्त ट्रॅकच्या गाडीची गोष्ट वेगळी.

आणि ई-२० चं, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं, विचारणार हे माहीत आहे. इथेनॉलनं ऑक्टेन वाढतो आणि बाष्प होताना ते हवा थंड करतं, ब्लोअरवाल्यांना दोन्ही सोयीचं. पण तेवढ्याच हवेला ते पेट्रोलहून जास्त लागतं. ई-१० वर केलेला जुना मॅप आज ई-२० वर तीन-चार टक्के लीन, म्हणजे इंधन कमी पडून, चालतो. क्रूझिंगला ऑक्सिजन सेन्सर ते सांभाळून घेतो, फुल बूस्टला त्याच्या भरवशावर राहू नका. मॅप पुन्हा करून घ्या.

ब्लोअर बसवण्याआधी चारही सिलेंडरची लीक-डाउन टेस्ट (आत दाबानं हवा सोडून किती गळते ते मोजणं) करा आणि आकडे लिहून ठेवा. एखाद्या सिलेंडरची गळती आधीच जास्त असेल तर तिथंच थांबा. बसवल्यावर पाच हजार किलोमीटरनं तीच टेस्ट पुन्हा. चारही आकडे सारखे थोडे वाढले असतील तर ती झीज आहे, चालेल. एकच सिलेंडर उडी मारून वर गेला असेल, तर ऑइलच्या झाकणातून हवा फुसफुसतेय का बघा, त्या सिलेंडरचा प्लग काढून चिनीमातीवर चंदेरी ठिपके शोधा. ते वितळलेल्या पिस्टनचं ॲल्युमिनियम असतं. ठिपके दिसले तर गाडी चालवत घरी नेऊ नका, टो करून आणा.