चिप आहे, पण नोंद कुठे आहे?

[दृश्य : तपासणीचं टेबल. कुत्र्याच्या पाठीवरून स्कॅनर हळूहळू फिरतो आहे. बीप.]

निवेदन :
कुत्र्याच्या कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप स्कॅनरने वाचली आणि पडद्यावर पंधरा आकडे उमटले. नाव, पत्ता, फोन यातलं काहीच नाही. रस्त्यावर सापडलेला हा कुत्रा कोणाचा, ते या चिपला माहीतच नाही. तिला फक्त आपला क्रमांक ठाऊक. मालक सापडेल की नाही, हे ठरणार आहे दुसरीकडेच. तो क्रमांक कुठल्या डेटाबेसमध्ये आहे आणि त्याच्यापुढे कोणाचा फोन लिहिलाय, त्यावर.

[दृश्य : तळहातावर चिप, अगदी जवळून.]

चिपचं वर्णन ‘तांदळाच्या दाण्याएवढी’ असं सगळीकडे करतात. असते त्याहून जराशी मोठी. लांबी साधारण १२ मिलिमीटर, जाडी २ मिलिमीटर. बाहेरून काचेची कुपी, आत तारेचं बारीक वेटोळं आणि इवलंसं सर्किट. बॅटरी नसतेच, त्यामुळे ती संपण्याचा प्रश्न येत नाही. स्कॅनर जवळ आला की त्याच्या क्षेत्रामुळे वेटोळ्यात किंचित वीज तयार होते, तेवढ्यावर चिप क्रमांक कळवते आणि पुन्हा गप्प. तेही अगदी जवळून, काही सेंटिमीटरवरून.

‘चिप बसवली, आता मांजर कुठे फिरतंय ते मोबाइलवर दिसेल,’ असं समजणारे पुष्कळ भेटतात. नाही दिसत. त्याला जीपीएसचा पट्टा लागतो, आणि तो चार्ज करावा लागतो.

[दृश्य : डॉक्टर मांजराच्या मानेमागची कातडी चिमटीत धरतात.]

बसवायला भूल लागत नाही. दोन्ही खांद्यांच्या मधोमध कातडी उचलायची आणि सुईने चिप आत सोडायची. सुई लसीच्या सुईपेक्षा चांगली जाड असते, हे लपवण्यात अर्थ नाही. म्हणून कित्येक जण नसबंदीच्या वेळी, भूल दिलेली असतानाच हे उरकून घेतात.

काळजी घेणारे डॉक्टर सुई उचलण्याआधी स्कॅनर फिरवतात. सापडलेल्या किंवा दत्तक आलेल्या प्राण्याच्या अंगात आधीचीच चिप असू शकते! बसवून झाल्यावर पुन्हा एकदा वाचून बघतात.

[दृश्य : स्कॅनर मानेवरून खांद्यावर, तिथून पुढच्या पायाकडे.]

चिप कधी कधी जागेवरून सरकते. त्यामुळे मानेवर स्कॅनर टेकवून ‘चिप नाही’ म्हणणं ही घाई झाली. दोन्ही बाजूंनी, छातीवरून, पुढच्या पायांपर्यंत तो सावकाश फिरवावा लागतो.

आज जगात बहुतेक ठिकाणी आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या ११७८४ आणि ११७८५ या मानकांच्या चिप वापरतात. त्या १३४.२ किलोहर्ट्झ या रेडिओ वारंवारतेवर चालतात, क्रमांक १५ अंकी. पहिले तीन अंक देशाचे किंवा चिप बनवणाऱ्या कंपनीचे, पुढचे बारा त्या एकाच प्राण्याचे. अमेरिकेत मात्र १२५ किलोहर्ट्झच्या चिप बरीच वर्षं चालल्या. एका जातीच्या स्कॅनरला दुसऱ्या जातीची चिप दिसायचीच नाही, म्हणून पुढे सगळ्या प्रकारच्या चिप वाचणारे स्कॅनर आले.

[दृश्य : शेल्टर, म्हणजे बेवारस प्राण्यांचा निवारा. पिंजऱ्यांची रांग. संगणकावर क्रमांक टाइप होतो.]

आता मुख्य गोष्ट. अमेरिकेतल्या ५३ शेल्टरमधल्या चिप असलेल्या प्राण्यांची एक पाहणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. भटकत आलेल्या कुत्र्यांपैकी एरवी सुमारे २२ टक्के मालकाकडे परत जात होते, चिपवाल्यांमध्ये हे प्रमाण ५२ टक्क्यांवर गेलं. मांजरांचा फरक तर चकित करणारा आहे. एरवी २ टक्केसुद्धा नाहीत, चिप असेल तर ३८ टक्क्यांहून जास्त.

पण मग चिप असूनही जे घरी गेले नाहीत, त्यांचं काय? मालक न सापडण्याचं सगळ्यात मोठं कारण अगदी साधं निघालं : नोंदवलेला फोन नंबर चुकीचा किंवा बंद. काहींची नोंदणी झालीच नव्हती. काहींची झाली होती, पण भलत्याच डेटाबेसमध्ये.

हे घडतं कसं, ते कळायला फार डोकं लावावं लागत नाही. मालकाला वाटतं, नोंदणी डॉक्टरांनी केली असेल. डॉक्टर समजतात, फॉर्म दिलाय, मालक भरेल. पिल्लू नव्या घरी जातं आणि नोंद जुन्याच माणसाच्या नावावर राहते. सिमकार्ड बदललं की बँकेला आठवणीने कळवतो. कुत्र्याच्या डेटाबेसला कोण कळवतं?

[दृश्य : दारातल्या छोट्या झडपेतून मांजर आत येतं.]

इंग्लंडमध्ये कुत्र्यांना चिप ६ एप्रिल २०१६ पासून सक्तीची झाली. त्या नियमांत एक शहाणपण आहे : अंगात नुसती चिप असून भागत नाही, मालकाचा तपशील डेटाबेसमध्ये असेल तरच त्या कुत्र्याला ‘चिप बसवलेला’ मानतात. पाळीव मांजरांची पाळी १० जून २०२४ रोजी आली. वीस आठवड्यांची होण्याआधी चिप हवी. मांजरांसाठी ती जास्तच गरजेची, कारण त्यांचा पट्टा कुठे अडकला तर सुटावा असाच बनवलेला असतो. पट्टा सुटला की त्याच्यावरचा नाव-फोनचा बिल्लाही गेला. तरी बिल्ला असावाच. तो शेजाऱ्यालाही वाचता येतो, चिपला स्कॅनर लागतो.

प्राण्याला युरोपीय संघातल्या देशात न्यायचं असेल तर क्रम पाळा. आधी चिप, मग रेबीजची लस. चिपच्या आधी टोचलेली लस तिथे धरत नाहीत, पुन्हा टोचून घ्यावी लागते.

[दृश्य : लसीकरणाचं कार्ड, चिपच्या क्रमांकाचं स्टिकर.]

क्रमांक या कार्डावर सापडेल. नाही सापडला, तर पुढच्या लसीच्या वेळी डॉक्टरांना स्कॅनर फिरवायला सांगा. नोंद कुठल्या डेटाबेसमध्ये आहे ते विचारून घ्या आणि तिथला नंबर आपलाच आहे ना, ते बघा. जमलं तर घरातल्या आणखी एकाचा नंबरही द्या. प्राणी हरवलाच, तर शोधायला निघतानाच डेटाबेसमध्ये ‘हरवला आहे’ अशी नोंद करा.