पळणारा एक, जागणारे तिघं

मंडळी, नमस्कार. मला तासभर बोला म्हणून सांगितलंय, पण पळणाऱ्या माणसाच्या हातात माइक देऊ नये, तो घड्याळातले आकडे काढून बसतो आणि समोरचे जांभया देतात. म्हणून मी पळण्याबद्दल कमी बोलणार आणि जे तिघं माझ्यामागे गाडी घेऊन फिरले त्यांच्याबद्दल जास्त. माझा मेहुणा गाडीवर, बायको सगळ्यावर, आणि भाचा, जो बारावी देऊन रिकामा होता म्हणून आला.

ज्यांना अल्ट्रा ट्रेल ही भानगड नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची, त्याच्यापुढे काहीही पळलात की ती अल्ट्रा. ट्रेल म्हणजे डांबर सोडून, आपल्याकडे सडा म्हणजे जांभ्याचं उघडं पठार, पाखाडी म्हणजे पायऱ्यांची वाट, पाणंद, आणि पुळण म्हणजे समुद्रकाठची वाळू. कॅलिफोर्नियात १०० मैलांची घोड्यांची शर्यत असते, तिथे गॉर्डी एन्सले नावाच्या गड्याचा घोडा एका वर्षी वाटेतच लंगडला, तर पुढच्या वर्षी, म्हणजे १९७४ साली, तो घोड्याविनाच पळाला आणि २३ तास ४२ मिनिटांत पोचलासुद्धा. त्यातून वेस्टर्न स्टेट्स ही रेस झाली. तिथे साधारण १०० किलोमीटरनंतर सोबत पळणारा पेसर घेता येतो. युरोपात माँ ब्लाँ डोंगराभोवती जी यूटीएमबी होते, तिथे क्रूने, म्हणजे पळणाऱ्याच्या मदतीच्या माणसांनी, फक्त ठराविक ठिकाणीच मदत करायची आणि पेसर अजिबात नाही. आणि डेथ व्हॅलीतल्या २१७ किलोमीटरच्या बॅडवॉटरला तर स्वतःची क्रू आणल्याशिवाय उभंच करत नाहीत, कारण मधे आयोजकांचे पाणी-खाण्याचे स्टॉलच नसतात.

आमचं असं काही नव्हतं. नंबर नाही, मेडल नाही, गुहागर ते रत्नागिरी, जमेल तिथे पुळणीने नाहीतर सड्याने, मधे तवसाळ-जयगड फेरीबोट. आता तुम्ही म्हणाल बोटीत बसलास म्हणजे चीटिंग, तर असू दे, शास्त्री नदीची खाडी मी पोहणार नव्हतो.

निघायची वेळ कशी ठरवली ते ऐका, हे मला कुठल्या ॲपने नाही, बंदरावरच्या एका जुन्या दर्यावर्दी माणसाने सांगितलं. तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल तेवढ्या वाजता भरती. द्वादशी असेल तर बारा गुणिले पाऊण, नऊ. म्हणजे सकाळी नऊच्या सुमारास भरती आणि पहाटे तीनच्या आसपास ओहोटी. ओहोटीला गुहागरची पुळण ओली, कडक, पाय रुतत नाही, भरतीला तीच कोरड्या वाळूतून तुडवत गेलात तर पाच किलोमीटरात पोटऱ्या संपतात. म्हणून जानेवारीतली द्वादशी धरली आणि पहाटे तीनला निघालो.

तीच भरती पुढे अंगावर आली. हेदवीला गाडी देवळाच्या फाट्यावर उभी राहणार असं ठरलेलं, मी साडेआठला पोचलो तर फाट्यावर कुत्रं एक, गाडी नाही. फोनला रेंज नाही. झालं असं होतं की भाच्याला कुणीतरी सांगितलं भरतीला बामणघळ, म्हणजे तिथल्या खडकातली भेग, उसळते, आत्ता जा, आत्ताच बघण्यासारखी आहे, आणि मेहुणा म्हणाला भावोजींना अजून वेळ आहे. गेले तिघं. मी माझ्या वेळेच्या वीस मिनिटं आधी पोचलो होतो हेही खरं, म्हणजे चूक कुणाची ते अजून आमच्या घरात ठरलेलं नाही. बाटल्या दोन्ही कोरड्या. एका घराच्या ओट्यावर बसलेल्या आजींनी गूळपाणी दिलं आणि कुणाशी भांडून निघालास काय रे असं विचारलं. मी पुढे निघालो, चाळीस मिनिटांनी मागून गाडी आली, भाचा खिडकीतून म्हणतो, "मामा, काय फवारा होता!"

हा किस्सा मी हसवायला सांगत नाहीये, खरा घोटाळा ह्याच्यातूनच झाला. तहानेची धास्ती बसली. त्यानंतर गाडी दिसली की मी अर्धा लिटर पाणी ढोसायचो, तहान असो नसो, आणि तेही साधं पाणी. आपल्या हवेत घाम नुसता गळतो, वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही आणि माणसाला वाटतं अजून प्यायला पाहिजे. जयगडला उतरून सड्यावर चढलो, दुपारचा जांभा तापलेला, सावली नाही, तिथे मळमळायला लागलं, डोकं जड, आणि मी बायकोला म्हणालो, पाणी दे.

ती म्हणाली, "अहो, अंगठी फिरवून दाखवा."

अंगठी हलेना. बोटं सुजून वांगी झालेली, घड्याळाचा पट्टा मनगटात रुतलेला. तिने पाण्याची बाटली मागे घेतली. मी चिडलो, काय बोललो ते इथे सांगता येणार नाही, भाचा शेजारी उभा होता.

ह्याला हायपोनेट्रेमिया म्हणतात, रक्तातलं सोडियम पातळ होणं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनला ४८८ जणांचं रक्त तपासलं होतं, २००५ साली ते छापून आलं, त्यात १३ टक्के लोकांचं सोडियम कमी निघालं, आणि जास्त धोका कुणाला, तर जे सावकाश पळतात आणि पळताना पाणी पिऊन ज्यांचं वजन वाढतं त्यांना. म्हणजे माझ्यासारख्यांना. माणूस बरळायला लागला, तोल गेला, सारखा ओकायला लागला, तर घरगुती उपाय करत बसू नका, सरळ दवाखाना गाठा, आणि तिथे सांगा की ह्याने पाणी खूप प्यायलंय, नाहीतर डिहायड्रेशन समजून आणखी सलाइन चढायचं. मी त्या पायरीपर्यंत गेलो नव्हतो. तिने मला माझं नाव, वार आणि सासऱ्यांचा फोन नंबर विचारला, तिन्ही बरोबर आले. मग सावलीत बसवलं, कोकमाच्या आगळाचा एक घोट, त्यात मीठ असतंच, आणि थर्मासमधली उकड्या तांदळाची पेज चार चमचे, वरून मीठ. सव्वा तास. लघवीला जाऊन आलो, अंगठी फिरली, तेव्हा म्हणाली, "आता उठा."

आता मुद्द्याचं. तिला बाटली मागे घ्यायचा अधिकार होता, कारण आदल्या रविवारी आम्ही चौघांनी बसून ते वहीत लिहिलं होतं. मी मागितलं तरी काय काय द्यायचं नाही, कधी थांबवायचं, आणि शेवटचा शब्द कुणाचा. पेनकिलरची गोळीसुद्धा त्या यादीत होती, कारण तासन्‌तास पळताना आयबुप्रोफेन किडनीला महागात पडू शकते आणि आठ तासांनंतर मी ती शेंगदाण्यासारखी खाल्ली असती. पळणाऱ्याचं डोकं दुपारनंतर त्याचं राहत नाही हो. पायांची प्रॅक्टिस मी सहा महिने केली, पण दुसऱ्याचं ऐकायची प्रॅक्टिस, ती मला लग्नाच्या बावीस वर्षांत जमली नव्हती. म्हणून मग घरीच रंगीत तालीम केली, ३० किलोमीटर पळून यायचं आणि ती सांगेल तेच खायचं, तोंड वर करून बोलायचं नाही.

क्रूने प्रश्न कमी विचारावेत हेही तिथेच कळलं. "काय हवंय?" विचारलं की माणूस "काही नको" म्हणतो. भाच्याला शेवटी ते बरोबर जमलं, तो नुसतं केळं सोलून हातात द्यायचा आणि मोजे काढायला बसायचा. लाल धूळ मोज्यात गेली की ती पॉलिशपेपरसारखी घासते, दर तीन तासांनी पाय पुसून खोबरेल, कोरडे मोजे. आणि खुर्ची गाडीतून काढायचीच नाही, उभ्याउभ्या चार मिनिटं, संपलं.

आरे-वारेला पोचलो तेव्हा रात्रीचे आठ, भरती चढत होती. मला पुळणीने जायचं होतं, सुंदर चांदणं, वहीत तसं लिहिलेलंही होतं, पण मेहुण्याने उतरून लाटा बघितल्या आणि म्हणाला, "भावोजी, रस्त्याने." मी एक शब्द बोललो नाही. साखरतरच्या पुलावर पायाची नखं सुटल्याचं कळलं, तिथून पुढचं फारसं आठवत नाही. रत्नागिरीत मांडवीला साडेदहाला पोचलो, घड्याळात ८४ किलोमीटर. बायको पुढच्या सीटवर बसल्या बसल्या झोपली होती, मेहुणा टायर बघत होता, भाच्याने सवयीने केळं सोललं.

प्रश्न असतील तर विचारा, नखं किती गेली ते सोडून, चार गेली. आणि गाडीतला आमच्या सामानाचा डबा आम्ही बाहेर टेबलावर ठेवलाय, वहीपण आहे त्यात, उघडून बघा, फक्त आगळाची बाटली उभी ठेवा, तिचं झाकण गळतं.