ब्योमकेशचा पहिला भाग आणि आपले इंदूरकर

[राजवाडा, सकाळची गर्दी, पोह्यांची गाडी]

नमस्कार मंडळी. हे आपलं इंदूर, पोहे-जलेबी जोरात सुरू आहे, पण आज खाण्याबद्दल एक शब्द बोलणार नाही, त्याचे व्हिडिओ ढिगाने पडलेत. आज विषय आहे दूरदर्शनच्या ब्योमकेश बक्शीचा पहिला भाग, सत्यान्वेषी. १९९३ ची सिरियल, बासू चॅटर्जींची, गुप्तहेर ब्योमकेश म्हणजे रजित कपूर आणि त्याचा मित्र अजित म्हणजे के. के. रैना. २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं तेव्हा दूरदर्शनने ती परत लावली, आणि ज्या आज्या पहिल्यांदा पाहताना नुकत्या सासूबाई झाल्या होत्या त्या आता नातवंडांना घेऊन बसल्या. तेव्हापासून मनात होतं की या एकाच भागावर लोकांना धरून विचारायचं.

ज्यांनी पाहिलेला नाही त्यांनी इथेच पॉज करा, बघून या, कारण पुढे खुनी कोण ते येणारच आहे.

तर कलकत्त्यातली एक मेस, म्हणजे पुरुषांची राहण्या-जेवणाची जागा, अजितही तिथेच राहतो. मालक अनुकूलबाबू, होमिओपॅथीचे डॉक्टर, सगळ्यांशी गोड. वस्तीत खून होतायत आणि पोलिसांना काही सापडत नाहीये. अतुल नावाचा एक गरीब तरुण जागा शोधत येतो, अजित त्याला आपल्या खोलीत घेतो. मग मेसमधलेच अश्विनीबाबू गळा चिरलेले सापडतात. डॉक्टर औषधांच्या आडून कोकेन विकत असतो, खुनीही तोच, आणि अतुल म्हणजे खुद्द ब्योमकेश.

[रामबाग, जुन्या घराची ओसरी]

रामबागेतले एक काका, बँकेतून रिटायर झालेले, त्यांचं मत एकदम रोखठोक. म्हणाले, यात सस्पेन्स कुठे आहे, डॉक्टर इतका गोड बोलतो की लगेच कळतं हाच तो. हे मत मला बऱ्याच जणांकडून ऐकायला मिळालं आणि मला ते अजिबात पटत नाही. संशय आला तरी आपण त्या डॉक्टरवर विश्वास ठेवत राहतो ना, तिथेच तर खरी गंमत आहे! आपल्याकडच्या मराठी घरांत होमिओपॅथीचा डॉक्टर म्हणजे घरातलाच माणूस असायचा. आठवा जरा, तो कागदाचे चौकोनी तुकडे ओळीने मांडायचा, प्रत्येकावर पांढरी पूड टाकायचा, वर बाटलीतले दोन थेंब, मग घडी घालून पुड्या, आणि आपण हात पुढे करायचो, आत काय आहे हे कोणी विचारलंय कधी? ही गोष्ट लिहिणाऱ्या शरदिंदू बंद्योपाध्यायांनी नेमका तोच माणूस उचलला, आणि मेसमधले लोक त्याच्या खोलीत गप्पा मारत बसतात ते बघून अंगावर काटा येतो, निदान माझ्या तरी येतो.

आणि कोकेन हे काही हवेतून काढलेलं नाही. गेल्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्यात कोकेनचा चोरटा धंदा खरोखर चालायचा, लोक पानातून खायचे. आपल्या माळव्याला तर नशेच्या व्यापाराचं नवल नकोच, एकोणिसाव्या शतकात अफूची मोठी बाजारपेठ इंदूरच होतं, आणि नीमच-मंदसौरकडे सरकारी परवान्याने अफूची शेती आजही होते. काकांना हे सांगितलं तर म्हणाले, ते सगळं ठीक आहे पण सस्पेन्स नाही म्हणजे नाही.

[भंवरकुआ, कोचिंगचे बोर्ड, हॉस्टेलचा जिना]

इथे पीएससीची तयारी करणारा एक मुलगा भेटला, बऱ्हाणपूरचा, एका खोलीत तिघं राहतात. त्याने हा भाग मोबाईलवर पाहिला आणि त्याला खुनापेक्षा रूम पार्टनरचा भाग जास्त भिडला. म्हणाला, आमच्याकडेपण असंच आहे, समोरचा जे नाव सांगेल तेच आपण धरतो, पूर्ण नाव कळतं ते मकानमालक आधारची झेरॉक्स मागतो तेव्हा. आणि मग म्हणाला की अतुलने अजितला फसवलं, हे बरोबर नाही केलं.

या मुद्द्यावर मी बराच अडकलो. मूळ गोष्ट अजितच सांगतोय, त्यामुळे पहिल्यांदा वाचणाऱ्यालाही अतुल हा अतुलच वाटतो. आज मात्र रजित कपूरचा चेहरा बघूनच आपण व्हिडिओ लावतो, म्हणजे ते गुपित आधीच गेलेलं. मग उरतं काय? माझ्या मते अजित उरतो. परत बघाल तेव्हा ब्योमकेशला सोडा आणि के. के. रैनांकडे बघा, एक भला माणूस अनोळखी मुलाला अर्धी खोली देतो, त्याच्यावर संशय येतो तेव्हा मनापासून त्याची बाजू घेतो. ते काम इतकं साधं वाटतं की कोणी त्याचं कौतुकच करत नाही.

संथ आहे, ही तक्रार सगळ्या तरुण मंडळींची, आणि मधे जरा रेंगाळतो हे खरंय. लोकमान्य नगरच्या एका काकूंची तक्रार वेगळी, गोष्टच पुरुषांच्या मेसची, बाईमाणूस नाहीच. त्या पुढच्या भागांतल्या सत्यवतीची, म्हणजे ब्योमकेशच्या बायकोची, वाट बघत होत्या, कारण सत्यवती म्हणजे आपली सुकन्या कुलकर्णी. पण शेवट त्यांना फार आवडतो, डॉक्टर पकडला जातो तो नव्हे, त्याच्यानंतरचा. मेस बंद, अजितला राहायला जागा नाही, ब्योमकेश त्याला आपल्या हॅरिसन रोडच्या घरी घेऊन जातो आणि म्हणतो इथेच राहा. काकू म्हणाल्या, फसवलं होतं ना, मग भरपाई केली त्याने. हे मी भंवरकुआच्या मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, हां, मग चालेल.

पुढच्या व्हिडिओत ग्रामोफोनच्या पिनने होणारे खून, म्हणजे रास्ते का काँटा. शरदिंदूंनी खरं तर ती गोष्ट आधी लिहिली होती आणि ओळख करून देणारी सत्यान्वेषी नंतर. त्या भागाबद्दल रामबागेच्या काकांची काही तक्रार नाहीये, त्यांना तो तोंडपाठ आहे.