दूध किती देती?

(पहाट. सांगोल्याचा जनावरांचा बाजार. काही क्षण फक्त घुंगरांचा आणि टेम्पोची फळी पडल्याचा आवाज. मग निवेदन.)

रविवार. सांगोला, जिल्हा सोलापूर. उजाडायच्या आत टेम्पो येऊन लागलेत. फळी पडते. एक माणूस वेसणीला, दोघं मागं, आणि एक पांढरंशुभ्र खोंड एकाच उडीत जमिनीवर. उतरल्या उतरल्या मान वर, कान ताठ. नवी जागा त्याला मुळीच पसंत पडलेली नाही.

शेजारी एक खिलार गाय बांधलीय. पुण्याहून आलेला एक तरुण तिच्यापाशी थांबतो. नोकरी सोडून गावी गोठा घालायचं त्याच्या मनात आहे. तो विचारतो, "दूध किती देती?"

मालक त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळतो. "पाव्हणं, दूध पायजे तर म्हस बघा की."

गाईच्या जातींबद्दल लोक जे काही विचारतात, त्यात हा प्रश्न नेहमी पहिला येतो. आणि खिलारपाशी तो हमखास फसतो. खिलार गाय एका वेताला, म्हणजे एकदा व्याल्यावर, सरासरी चारशे लिटरच्या आसपास दूध देते. दिवसाचं दीड-दोन लिटर धरा, त्यातही वासराचा वाटा. पण इथं ज्या गाईवर माणसं मोठमोठे आकडे बोलतात, ते दुधासाठी बोलत नाहीत. ती कसलं खोंड घालते, यावर बोलतात.

(खिलारचं तोंड जवळून. शिंगं. मग पाय.)

खिलार ओळखायला पुस्तक लागत नाही. लांब, निमुळतं तोंड. कपाळाच्या मधोमध खाच. शिंगं एकमेकांजवळून निघतात, मागं जातात आणि धनुष्यासारखी वळून वर चढतात. अंगावर सैल कातडं जवळपास नाहीच. मानेखालची पोळीसुद्धा बेताची. खूर काळे, घट्ट. नावाचा अर्थही साधा: खिल्लार म्हणजे गुरांचा कळप. कोसा, काजळी, आटपाडी महाल, म्हसवड अशी त्यात पुन्हा घराणी आहेत. कुठलं घराणं खरं, यावर इथं चहाच्या टपरीवर अर्धा दिवस सहज जातो.

हा सगळा माणदेश. पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही आला तर. माळ मोठे, चारा थोडा, विहिरी खोल. इथं बैलानं मोट ओढायची, गाडीला जुंपून कोसभर दुडकी चालायचं आणि संध्याकाळी कडब्यावर समाधान मानायचं. पिढ्यान् पिढ्या माणसांनी त्यालाच जपलं ज्याला हे जमलं. चपळाई ठेवली. दुधाचा विचार केलाच नाही.

मग मोट गेली. ट्रॅक्टर आला. बैलाचं काम उरलं शर्यतीचं, आणि 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींवरही बंदी घातली. ती उठायला 16 डिसेंबर 2021 उजाडला. कायद्याचा वाद पुरता मिटला 18 मे 2023 रोजी. मधल्या काळात कितीतरी दावणींवरून खिलार उतरली. शर्यती सुरू झाल्यावर खोंडांचे भाव कसे चढले, हे या बाजारात कुणालाही विचारा. शर्यतीत बैलाचे हाल होतात की नाही, हा वाद खरा आहे आणि तो नियमांनी मिटलेला नाही. पण ही जात आज कशाच्या जोरावर टिकली, याचं उत्तर मात्र धुळीनं भरलेल्या त्या धावपट्टीवरच मिळतं.

(एक म्हातारे गृहस्थ खोंडाचा जबडा उघडून बघतात.)

वय किती, हा दुसरा प्रश्न. तो कुणी मालकाला विचारत नाही. जनावराला विचारतात. गाईबैलांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, खाली आठ. सगळे दुधाचे असतील तर आदत. दोन पक्के आले की दुसा, म्हणजे दोन-सव्वादोन वर्षांचा. पुढं चौसा, सहादाती, आणि आठही पक्के आले की जुळला. जुळल्यावर मात्र दात वय सांगत नाहीत, फक्त झीज सांगतात. तिथून पुढं मालकाच्या शब्दावर भरवसा, किंवा देवावर.

(दृश्य बदलतं. धुकं, भातखाचरं, संततधार.)

माणदेशापासून उत्तरेला इगतपुरी. इथं वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. खिलार इथं आणून बांधली तर पहिल्याच आषाढात तिचे खूर मऊ पडतील. ही जागा डांगीची.

पांढऱ्या अंगावर काळे नाहीतर तांबडे ठिपके, कधी ठिपके इतके की पांढरं शोधावं लागतं. रंगांवरून पारा, बहाळा, मणेरी अशी नावं. आता हिच्या पाठीवर हात फिरवा. हाताला तेलकट लागतं. डांगीच्या कातडीतून तेलासारखा स्राव येतो आणि पावसाचं पाणी अंगात न मुरता ओघळून जातं. खूर काळे आणि कठीण, गुडघाभर चिखलात दिवसभर उभं राहिलं तरी कुजत नाहीत. अकोले, इगतपुरी, जव्हार आणि पलीकडं गुजरातचा डांग हा तिचा मुलूख. महादेव कोळी, ठाकर, कानडी ही तिला सांभाळणारी माणसं. गोठ्यातली वैरण कमी, रानातलं चरणं जास्त. दूध? बेताचंच. राजूर आणि घोटीच्या प्रदर्शनांत डांगीचा वळू बघायला जी गर्दी होते, ती दुधाची चौकशी करायला आलेली नसते.

मला स्वतःला विचाराल तर महाराष्ट्रातली सगळ्यांत कमी कौतुक झालेली गाय हीच.

(माळेगावची यात्रा. खंडोबाचा भंडारा, तांबड्या बैलांच्या रांगा.)

नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यातलं माळेगाव. मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते तेव्हा इथं घोडे, गाढवं, उंट आणि मराठवाड्याची दोन मानाची गुरं येतात.

पहिली लालकंधारी. एकरंगी तांबडी, वळू तर जवळजवळ तपकिरी. डोळ्यांभोवती काजळ घातल्यासारखी काळी कड. लाखालबुंदा हे तिचं गावातलं नाव. कंधारच्या सोमदेवराय राजानं ही जात जोपासली, असं इथली माणसं सांगतात. काळ्या जमिनीत भर उन्हात औत ओढणारा, थोड्या चाऱ्यावर राहणारा हा बैल लहान शेतकऱ्याला परवडतो, आणि या भागात परवडणं हा मोठा गुण.

दुसरी देवणी. लातूर-उदगीरकडची, बिदरकडंही दिसणारी. हिच्या घडणीत गुजरातच्या गीर गाईचं रक्त आहे, डांगीचं आहे, गावातल्या गुरांचं आहे. कान आणि कपाळ बघितलं की गीर आठवते. तीन रूपं असतात. सगळी पांढरी ती बालंक्या. अंग पांढरं आणि तोंड काळं ती वानेरा, वानरासारखी म्हणून. अंगभर काळे ठिपके ती शेवरा. देवणी वेताला आठशे ते अकराशे लिटरपर्यंत दूध देते आणि तिचा बैल औतालाही चालतो. तो पुण्याचा तरुण सांगोल्याऐवजी इथं आला असता तर त्याच्या प्रश्नाला निदान नीट उत्तर मिळालं असतं.

विदर्भात वर्ध्याची गवळाऊ. पांढरी, हलक्या अंगाची, पायांत वेग. डोंगराळ मुलखात फौजेचं सामान झटपट हलवायला मराठ्यांनी ही जनावरं वापरली. नंद गवळ्यांनी ती जपली. 1941 साली गांधीजी आणि जमनालाल बजाज यांनी वर्ध्यात गोसेवा संघ काढला. जमनालालजींनी शेवटचे महिने या कामातच घालवले. फेब्रुवारी 1942 मध्ये ते गेले.

आणि कोकणातली गाय एवढीशी का, असं मुंबईहून आलेले पाहुणे विचारतात. तिचं नाव कोकण कपिला. धो धो पाऊस जांभ्या जमिनीतली खनिजं धुऊन नेतो, गवत वाढतं खूप पण त्यात कस कमी. अशा चाऱ्यावर मोठं शरीर पोसवत नाही. लहान गाय घाटी चढते, चिखलात रुतत नाही, आणि मिळेल ते खाऊन दरवर्षी वासरू देते. गोव्यातली तिची बहीण श्वेतकपिला नाकापासून शेपटीपर्यंत पांढरी. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनं आता दोघींनाही जात म्हणून नोंदवलंय. नोंद नव्हती तोवर कागदावर त्या नुसत्या "गावठी" होत्या.

(दूध संकलन केंद्र. किटल्या, फॅट मोजणारं यंत्र, रांग.)

आता अडचणीचा प्रश्न. संकरित गाय वाईट का?

ही रांग बघा. काळ्या-पांढऱ्या होल्स्टीन फ्रिजियनच्या, बदामी जर्सीच्या गाईंचं दूध. दिवसाला दहा, पंधरा, वीस लिटर. दर दहा दिवसांनी दुधाचं बिल निघतं, आणि गावात त्याला पगारच म्हणतात. मुलीच्या कॉलेजची फी, किराणा, सोसायटीचा हप्ता, सगळं त्या पगारावर. 2019 च्या पशुगणनेत देशातली देशी गुरं आधीच्या गणनेपेक्षा सुमारे 6 टक्क्यांनी घटून 14.21 कोटींवर आली आणि विदेशी-संकरित सुमारे 27 टक्क्यांनी वाढून 5.04 कोटींवर गेली. शेतकरी भोळा म्हणून हे झालेलं नाही.

फ्रिजियन ही नेदरलँड्स आणि उत्तर जर्मनीची. तिथल्या थंडीत आणि ओल्या कुरणांत घडलेली. वैशाखात तिला पंखा लागतो, फॉगर लागतो, गोचीड-तापाची धास्ती लागते. एक महिना आजारी पडली तर चार महिन्यांचा नफा डॉक्टरकडं जातो. म्हणूनच राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं फ्रिजियन, जर्सी आणि गीर यांच्यातून फुले त्रिवेणी तयार केली. निम्मं रक्त फ्रिजियनचं, पाव जर्सीचं, पाव गीरचं. दूधही हवं आणि ऊनही सोसायला हवं, असा तो हिशोब.

(शहरातलं दुकान. काचेच्या बाटल्या, सोनेरी लेबलांवर 'ए2 दूध'.)

ए2 दूध खरंच वेगळं असतं का? असतं, एका मण्यानं. दुधातलं बीटा-केसीन हे प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. त्या माळेतला 67 वा मणी ए2 मध्ये प्रोलीन असतो, ए1 मध्ये हिस्टिडीन. देशी गाईंच्या दुधात बहुतेक ए2 असतं. म्हशीच्या दुधातही ए2 च, पण म्हशीच्या बाटलीवर कुणी सोनेरी लेबल लावत नाही. पुष्कळ जर्सी आणि फ्रिजियन गाईही ए2 देतात. ए1 मुळं आजार होतात का, हे युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणानं 2009 मध्ये तपासलं. त्यांना तसा कार्यकारणसंबंध दिसला नाही. आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं ऑगस्ट 2024 मध्ये वेष्टनांवरचे ए1-ए2 चे दावे काढायला सांगितलं आणि आठवड्याच्या आत तो आदेश मागंही घेतला.

त्यातही "ए2 तूप" म्हणून भाव लावणाऱ्यांचं नवल वाटतं. केसीन हे प्रथिन. तूप म्हणजे स्निग्ध पदार्थ. माळच नाही तर मणी कुठला मोजायचा?

देशी गाईच्या दुधाचा आणि तुपाचा पिवळेपणा मात्र खरा. चाऱ्यातलं कॅरोटीन गाय दुधात उतरवते. म्हैस त्याचं जीवनसत्त्व अ करून टाकते, म्हणून तिचं दूध पांढरं. हिरवा चारा खाणारी जर्सीसुद्धा पिवळंच दूध देते.

वशिंडाचंही तसंच. त्यात सूर्यकेतू नाडी असते आणि ती उन्हातून सोनं ओढते, असं मोबाइलवर फिरत असतं. पशुवैद्यांना तिथं स्नायू आणि चरबी सापडते. वशिंड, मानेखालची पोळी आणि सैल कातडं ही भारतीय गोवंशाची खूण, आणि तापलेल्या मुलखात तग धरणाऱ्या वंशाला ती शोभते. सिंधूच्या पश्चिमेला मेहरगढच्या आसपास माणसानं हा वंश सुमारे आठ हजार वर्षांपूर्वी माणसाळवला. सोन्याशिवायही ही गोष्ट मला पुरेशी मोठी वाटते.

30 सप्टेंबर 2024 रोजी महाराष्ट्र सरकारनं देशी गाईला राज्यमाता-गोमाता म्हटलं आणि गोशाळांतल्या देशी गाईंसाठी प्रत्येकी दिवसाला 50 रुपये अनुदान ठरवलं. गोशाळेत गाय जगेल. पण डांगीला पाऊस हवा, चरायला रान हवं, आणि तिच्या मागं डोंगर चढणारं पोर हवं. ते पोर आता इगतपुरीच्या हॉटेलात कामाला जातं.

(पुन्हा सांगोला. दुपार. बाजार विरळ झालाय.)

तो तरुण अजून इथंच आहे. आदत खोंडाभोवती तिसरी फेरी मारून झाली. चालवून बघितलं, खूर बघितले, दात मोजले. गोठ्यासाठी आलेला माणूस खोंड बघतोय, आणि त्याला स्वतःलाही ते कळलेलं दिसत नाही. शेवटी दलाल त्याचा हात धरतो आणि वर उपरणं टाकतो.

उपरण्याखाली भाव सांगणारी बोटं हलतात. मालक मान हलवतो. पुन्हा बोटं. "अवो, घरचं हाय, वळू बगून लावल्याली गाय हाय हेची आय." पुन्हा बोटं.

कॅमेऱ्याला आकडा दिसत नाही. फक्त उपरणं हलताना दिसतं, आणि त्यामागं टेम्पोकडं तोंड करून उभं असलेलं खोंड.