लाल पेन कुणाच्या हातात?

इंग्रजीच्या विद्यार्थ्याला तपासलेला निबंध परत मिळाला की तो आधी गुण बघतो. मग आपण शिक्षकांनी केलेल्या दुरुस्त्या तशाच उतरवून काढतो, आणि पुढच्या निबंधात त्याच चुका परत येतात. याचा दोष मी विद्यार्थ्याला देणार नाही. चूक आपण शोधली, ओळखली आपण, सुधारलीही आपणच. त्याच्या वाट्याला आली ती फक्त नक्कल. व्याकरण तपासणारं सॉफ्टवेअरही नेमकं हेच करतं, फक्त जास्त वेगाने.

भाषाशिक्षणाचे फ्रेंच अभ्यासक आँरी ओलेक यांचं अध्ययन-स्वायत्ततेवरचं विवेचन 1981 मध्ये पुस्तकरूपाने आलं. उद्दिष्टं ठरवण्यापासून झालेल्या कामाचं मूल्यमापन करण्यापर्यंतची जबाबदारी शिकणाऱ्याने पेलणं, असा त्याचा गाभा. ही क्षमता उपजत नसते, हेही त्यांनी बजावलं आहे. त्यामुळे ‘तुमचं तुम्ही बघा’ म्हणून मोकळं होणाऱ्या शिक्षकाला त्यात आधार सापडणार नाही. लेखनात सर्वांत अवघड जातं ते मूल्यमापनच, कारण स्वतःचा मसुदा वाचताना माणूस कागदावरचं सोडून मनातलं वाचतो.

त्यावर उपाय म्हणजे उलटा आराखडा. मसुदा एक दिवस बाजूला ठेवायचा. मग प्रत्येक परिच्छेदाशेजारी, समासात, तो परिच्छेद काय म्हणतो ते दहा-बारा शब्दांच्या एका वाक्यात लिहायचं आणि शेवटी फक्त समास वाचायचा. इथे हमखास होणारी गडबड अशी, की विद्यार्थी ‘समाजमाध्यमांचे परिणाम’ असं लिहितो. हा झाला विषय. विधान कुठे आहे? क्रियापद असलेलं पूर्ण वाक्यच हवं. एका परिच्छेदाला दोन वाक्यं लागली तर तो तोडायचा. दोन परिच्छेदांना एकच वाक्य लागू पडलं तर ते जोडायचे. या टप्प्यावर व्याकरणाला हात लावू देऊ नका. घासूनपुसून लखलखीत केलेलं वाक्य काढून टाकायला कुणाचंच मन धजत नाही.

भाषेच्या चुका त्यानंतर. ज्या ओळीत चूक आहे तिच्यासमोर समासात फक्त एक टिंब द्या. समजा तिथे ‘डिस्कस्ड अबाउट द प्रॉब्लेम’ असं आहे. विद्यार्थ्याने भाषासंग्रहात (कॉर्पसमध्ये), म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या मजकुराच्या संगणकीय साठ्यात, ‘डिस्कस्ड’ शोधून वीसेक ओळी काढाव्यात आणि त्या शब्दाच्या उजवीकडे काय येतं ते पाहावं. बहुतेक ठिकाणी थेट नाम दिसेल. एखाददुसरीकडे ‘अबाउट’ही सापडेल, म्हणून एका ओळीवर विसंबायचं नाही. मग वहीत चार रकाने: माझं वाक्य, सुधारलेलं वाक्य, माझ्या शब्दांत नियम, कुठे पडताळलं. पुढच्या मसुद्यासाठी यातल्या वारंवार होणाऱ्या तीनच चुका निवडू द्या. दहा निवडल्या तर एकीवरही लक्ष राहत नाही.

‘अ’ आणि ‘द’ या इंग्रजी उपपदांच्या चुका मात्र अशा शोधाने सहसा सुटत नाहीत. वाचकाला ती गोष्ट आधीपासून ठाऊक आहे का, यावर ती निवड बरीच अवलंबून असते आणि सुट्या ओळीत तो संदर्भ दिसत नाही. तिथे शिक्षकाने शेजारी बसून बोललंच पाहिजे.

मसुदा देताना विद्यार्थ्याने दोन प्रश्न लिहून जोडावेत. ‘बरोबर आहे का?’ हा प्रश्न चालणार नाही. ‘तिसऱ्या परिच्छेदातला पुरावा दाव्याला पुरतो का?’ हा चालेल. आपण आधी तेवढ्याचंच उत्तर द्यायचं. आणि पहिल्या व दुसऱ्या मसुद्यातल्या फरकाला वेगळे गुण ठेवा. नाहीतर यातलं काहीही कुणी करणार नाही.