क्लॅम आजारी पडला, जुळे सोलापूर

आता समोर जो दिसतोय तो जायंट क्लॅम, म्हणजे समुद्रातला महाकाय शिंपला, जात ट्रायडॅक्ना देरासा, चारेक इंचाचा म्हणजे अजून पोरच, पूर्ण वाढला तर दीड-दोन फुटांपर्यंत जातो. टाकी आहे जुळे सोलापुरातल्या एका काकांच्या हॉलमध्ये. बाहेर ऊन ४२ डिग्री, आणि टाकीतलं पाणी २६ च्या आसपासच राहिलं पाहिजे.

कवचाच्या दोन पाळ्यांमधून जो रंगीत मांसल भाग बाहेर येतो त्याला मँटल म्हणतात. त्यात सूक्ष्म शैवाल राहतं, ते प्रकाशावर अन्न बनवतं आणि क्लॅमला पोसतं, म्हणून टाकीचे दिवे लागले की तब्येतीत असलेला क्लॅम मँटल काठाच्या बाहेरपर्यंत पसरून बसतो. मँटलच्या कडेला शेकडो बारीक डोळे असतात, त्यामुळे वरून हाताची नुसती सावली गेली तरी झटकन मिटतो. काकांचा क्लॅम मिटायला वेळ लावायला लागला, मँटल आत ओढलेलं, आणि पाणी आत घेण्याचं तोंड नको तेवढं उघडं पडलेलं. ही लक्षणं बघितली की समजायचं, काहीतरी बिघडलंय.

अशा वेळी पहिली इच्छा होते ती त्याला उचलून हातात घेऊन बघायची, आणि माझ्या मते तेच सगळ्यात वाईट. क्लॅम खालच्या बाजूने बारीक धाग्यांनी दगडाला चिकटलेला असतो, ओढून काढला तर धाग्यांसोबत आतलं मांस फाटतं आणि मग तो सहसा वाचत नाही. जमलं तर दगडासकटच उचलायचा, नाहीतर दगडाच्या लगत ब्लेडने धागे कापायचे, धागे तो नवीन बनवतो.

काकांनी हात घालायच्या आधी टेस्ट किट काढलं. खारटपणा हजार भागांत ३५, कॅल्शियम ४२० पीपीएम, अल्कलिनिटी म्हणजे पाण्याचा पीएच टिकवून धरणारी क्षारता ८ डीकेएचच्या वर, सगळं जागच्या जागी. मासे टोचतायत का तेही बघत बसले, कारण एंजलफिश, बटरफ्लायफिश मँटलचे लचके तोडतात, पण यांच्या टाकीत तसला मासा नाहीच. मग रात्री दिवे बंद झाल्यावर टॉर्च घेऊन बसले आणि कवचाच्या बुडाशी, जिथून धागे निघतात तिथे, तांदळाच्या दाण्याएवढ्या पांढऱ्या गोगलगायी सापडल्या. पिरॅमिडेलिड म्हणतात यांना. दिवसा लपून बसतात आणि रात्री वर येऊन सोंड खुपसून क्लॅमचा रस पितात. दिवसा कितीही डोळे फाडून बघा, दिसत नाहीत.

उपाय साधा आहे पण चिकाटीचा. टाकीचंच पाणी बादलीत घ्यायचं, क्लॅम त्यात ठेवून मऊ टूथब्रशने कवच घासायचं, मांसाला ब्रश लागू द्यायचा नाही, गोगलगायींसोबत त्यांची जेलीसारखी अंडीही काढायची. परत ठेवताना पाण्याखालीच हलकासा तिरका करायचा म्हणजे आत हवा अडकली असेल तर निघून जाते. आणि माशांचं तांब्याचं औषध क्लॅम असलेल्या टाकीत एक थेंबही नाही, तांबं यांना विषच. मँटल मुडपून चुरगळल्यासारखं दिसत असेल तर तो वेगळा आजार, त्याला टाकीएवढंच तापमान आणि पीएच केलेल्या गोड्या आरओ पाण्यात अर्धा तास ठेवतात, पण खात्री नसताना हे करू नका, अशक्त क्लॅमला तो ताणही झेपत नाही.

आता सोलापूरची अडचण. आजारी क्लॅमला तापमान वरखाली झालेलं चालत नाही आणि लाईट गेली की चिलर, म्हणजे पाणी थंड ठेवणारं यंत्र, बंद. म्हणून काकांनी इन्व्हर्टरवर पंप आणि दोन छोटे पंखे ठेवलेत, पंख्याचा वारा पाण्यावर मारला की इथल्या कोरड्या हवेत बाष्पीभवन जोरात होतं आणि पाणी दोन-तीन डिग्रीने उतरतं. पण मीठ मागे राहतं, खारटपणा चढतो, मग रोज आरओचं पाणी भरा, आणि नळाला रोज पाणी येत नाही अशा गावात आरओमधून वाया जाणारं पाणीसुद्धा धुणंभांड्यासाठी साठवावं लागतं. काकूंनी ही जबाबदारी घेतली आहे, त्यांच्याशिवाय ही टाकी चाललीच नसती.

हेही स्पष्ट सांगतो. लक्षद्वीप, अंदमानच्या समुद्रातले मॅक्सिमा आणि स्क्वॅमोसा हे क्लॅम १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, ते पाळायचे नाहीत, विकत घ्यायचे नाहीत. काकांचा देरासा परदेशात क्लॅमच्या शेतीत वाढवलेला आहे, त्याचे सायटीसचे, म्हणजे संकटातल्या प्राण्या-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या कराराचे, कागद त्यांनी आम्हाला कॅमेऱ्यासमोर दाखवले.

आता मँटल पुन्हा काठाबाहेर येतंय. हे बघा, कवचाच्या कडेला पांढरी नवी रेघ, म्हणजे वाढ सुरू झालीय, कवचाला टवका उडाला असता तरी याच पद्धतीने त्याने तो भरून काढला असता. "उघडायलाय बे, बघ की!" काका ओरडले तेव्हा आम्ही कॅमेरा लावतच होतो. पण अंडी एखादी जरी राहिली तरी पुन्हा पिल्लं निघतात, त्यामुळे रात्रीची टॉर्च आणि ब्रश अजून काही आठवडे चालूच राहणार आहे.